खेळाडू आणि हस्तोपचार : हातांचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा

आपल्या रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात पक्षाघातातून सावरणारे रुग्ण व सांधेदुखीने त्रस्त वृद्ध येतात, तसेच तरुण खेळाडूही येतात. कारंजा व आसपासच्या खेड्यांतील कबड्डी, खो-खो व कुस्ती खेळणारे विद्यार्थी त्यांत असतात. पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणारे युवक-युवतीही असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि काही सेकंदांच्या फरकाने गुण बदलतात. अनेक कुटुंबांची आशा त्या सेकंदांवर अवलंबून असते. म्हणूनच ‘मालिश करून घेतल्यास वेळ सुधारेल काय?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

परंपरेचा वारसा

खेळ आणि मर्दन यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. तालमीत मेहनत झाल्यावर मल्लांनी एकमेकांचे अंग रगडणे हा नित्यक्रमाचाच भाग असतो. वऱ्हाडाला व्यायामाची थोर परंपरा लाभली आहे. शेजारच्या अमरावती येथे १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. युरोपातही हस्तोपचाराचा उगम व्यायामशाळेशी निगडित आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामसंस्था स्थापन केली. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्यांची संघटना उभारली आणि तिच्यातूनच पुढे तेथील भौतिकोपचारतज्ज्ञांची संस्था आकारास आली.

हस्तोपचार म्हणजे काय?

हस्तोपचारात मुख्यतः तीन प्रकार येतात. पहिला, स्नायूंचे मर्दन. दुसरा, आखडलेल्या सांध्याला त्याच्या नैसर्गिक दिशेने हलक्या हाताने पुनःपुन्हा हलविणे. तिसरा, सांध्याला अल्प अंतराचा पण जलद झटका देणे. हा प्रकार केवळ प्रशिक्षित तज्ज्ञानेच व पूर्ण तपासणीनंतर करावयाचा असतो. या तिन्हींच्या आधी येते ती हातांनी केलेली तपासणी. कोणता सांधा किती वळतो, कोठे दाबले असता दुखते, कोणता स्नायू दुर्बल आहे, हे जाणकार हातांना समजते.

संशोधनाचा निष्कर्ष

मर्दनाने खेळातील कामगिरी वाढते काय, याविषयी इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० साली २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. एक हजाराहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या त्या अभ्यासांत ताकद, उडी, वेग किंवा दमश्वास यांत मर्दनामुळे वाढ झाल्याचे दिसले नाही. शरीराची लवचीकता थोडी वाढते व व्यायामानंतरची स्नायुदुखी काहीशी कमी होते, एवढे मात्र आढळले.

‘मालिशने स्नायूंत साचलेले आम्ल निघून जाते’ असा एक समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः जोरदार व्यायामानंतर रक्तात वाढलेले लॅक्टेट सुमारे तासाभरात आपोआप पूर्वपदावर येते. हळूहळू चालत राहिल्यास अधिक लवकर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारी दुखी ही स्नायुतंतूंवर अनभ्यस्त ताण पडल्याने झालेल्या सूक्ष्म इजेची असते. हाताच्या स्पर्शाने व दाबाने मज्जासंस्थेकडे वेगळे संदेश जातात, वेदनेची जाणीव मंदावते आणि ताठरलेला स्नायू सैल पडतो. हा लाभ खरा आहे, परंतु अल्पकाळ टिकणारा आहे.

मग उपयोग कोणता?

कबड्डी खेळताना मुरगळलेल्या घोट्याचे उदाहरण घेऊ. सूज ओसरली, चालता येऊ लागले, म्हणजे घोटा बरा झाला असे खेळाडू समजतो. मात्र भिंतीसमोर पाय ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीस टेकविण्यास सांगितले, की दुखावलेल्या बाजूचा घोटा कमी वाकत असल्याचे ध्यानात येते. असा घोटा चढाईच्या वेळी खाली बसण्यास व झटकन दिशा बदलण्यास साथ देत नाही. हातांनी घोट्याचे हाड योग्य दिशेने सरकवत सांधा मोकळा केला, की त्याच बैठकीत हालचाल काही अंशी वाढते. मात्र त्यानंतर खेळाडूने स्वतः व्यायाम केला नाही, तर मिळालेली हालचाल पुन्हा हरवते.

आमच्या दृष्टीने हस्तोपचाराचे मर्म यातच आहे. हातांनी वेदना कमी करावी, सांधा मोकळा करावा आणि त्या मोकळ्या वेळात व्यायामाने बळ मिळवावे. एका पायावर तोल सांभाळण्याच्या सरावाने घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते. गुडघ्यांवर उभे राहून, साथीदाराने घोटे धरलेले असताना शरीर सावकाश पुढे झुकविण्याच्या व्यायामाने मांडीच्या मागील स्नायूंच्या इजा सुमारे निम्म्याने कमी होतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. या व्यायामांस महागडे उपकरण लागत नाही. शाळेच्या मैदानावर ते सहज करता येतात. ज्याचा सराव दुखापतीने खंडित होत नाही, त्याचाच वेग वाढतो. हस्तोपचार कामगिरीला हातभार लावतो तो या मार्गाने.

कोठे चोळू नये?

ग्रामीण भागात दुखावलेला अवयव तत्काळ चोळून घेण्याची प्रथा आहे. तिच्यामुळे होणारी हानी टाळणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते. मांडीवर जोराचा मार बसून रक्त साकळले असता पहिल्या दिवसांत रगडल्यास त्या स्नायूत हाड तयार होण्याचा धोका वाढतो. मुलांच्या कोपराला इजा झाल्यावर चोळल्याने सांधा कायमचा आखडू शकतो. भरतीसाठी धावणाऱ्यांच्या नडगीत एकाच बिंदूवर दुखत असेल व धावताना ते वाढत असेल, तर हाडाला ताणामुळे बारीक तडा गेलेला असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्रात तो दिसेलच असे नाही. अशा वेळी मलम लावून, चोळून धावत राहिल्यास तडा वाढतो आणि भरतीची संपूर्ण संधी हातची जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजून गरम झाल्यास शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तेथे मर्दन करणे जिवावर बेतू शकते. पाय बधिर होणे, सांधा अडकणे, गुडघा अचानक दगा देणे किंवा पायावर भार न पेलणे, यांपैकी काहीही झाल्यास प्रथम डॉक्टरांची तपासणी आवश्यक आहे.

विनम्र आवाहन

परिसरातील क्रीडाशिक्षक, मार्गदर्शक व पालकांस आमची विनंती आहे, की खेळाडू दुखापतीची तक्रार करील तेव्हा तिला कुरकुर समजू नये. स्पर्धेच्या किंवा चाचणीच्या आदल्या दिवशी प्रथमच जोरकस मालिश करून घेण्याचा मोहही टाळावा, कारण त्याने अंग अधिकच दुखू शकते. पुरेशी झोप, सकस आहार व टप्प्याटप्प्याने वाढविलेला सराव यांस पर्याय नाही. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले, ते खेड्यातील मातीत घडलेल्या शरीराच्या बळावर. आपल्या गावांतही असे गुण असलेली मुले-मुली आहेत. त्यांची उमेद चुकीच्या उपचाराने खुंटू नये, म्हणून वेळीच तपासणी व योग्य मार्गदर्शन त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचा आमचा प्रयत्न आहे. या कार्यात आपणा सर्वांचे सहकार्य लाभावे, ही प्रार्थना.