परवडणारा माल्ट

मध्य स्कॉटलंडमध्ये, डून गावाजवळ, टीथ नदीच्या काठी, डीन्स्टनला 1785 साली एक सूतगिरणी उभी राहिली. नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या तिच्या अजस्र चाकांची त्या काळी फार कीर्ती होती. 1965 मध्ये गिरणी बंद पडली. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आले. डीन्स्टनला माल्ट आला. गिरणीची डिस्टिलरी झाली आणि कमानदार छताचा जुना विणकाम विभाग पिंपांचं गोदाम झाला. धाग्यासाठी जपलेली तिथली दमट, गार हवा व्हिस्कीलाही मानवली. नदीच्या पाण्यावर आजही टर्बाइन फिरतात आणि डिस्टिलरीची वीज तिथेच तयार होते.

डीन्स्टनचं नाव मुंबई-पुण्याच्या बारमध्ये सहसा ऐकू येत नाही. तिथे ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट आणि पार्टीचा यजमान जोरात असेल तर मॅकॅलन. सिंगल माल्ट म्हणजे श्रीमंती शौक, आणि बाटली जितकी महाग तितकी व्हिस्की थोर, अशी आपली ठाम समजूत असते. माझा अनुभव वेगळा आहे. डिस्टिलरीचा खरा स्वभाव तिच्या साध्या, कमी वयाच्या, कमी किमतीच्या बाटलीत जास्त स्पष्ट कळतो. महागड्या बाटलीत आपण बरेचदा वय, पिंप, खोका आणि नाव यांचे पैसे भरत असतो.

नियम थोडे, पण कडक

स्कॉच सिंगल माल्टची व्याख्या 2009 च्या ब्रिटिश नियमांनी पक्की केली आहे. धान्य एकच, मोड आणून वाळवलेली बार्ली. डिस्टिलरी एकच. ऊर्ध्वपातन तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, घाण्याघाण्याने. मग 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षं मुरवण. बाटलीत अल्कोहोल 40 टक्क्यांहून कमी चालत नाही, आणि बाटली भरायची तीही स्कॉटलंडमध्येच.

इथे ‘सिंगल’ म्हणजे एका डिस्टिलरीची. एका पिंपाची नव्हे. एकाच डिस्टिलरीतली शेकडो पिंपं एकत्र केली तरी ती सिंगल माल्टच. वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांचे माल्ट एकत्र केले की त्याला ‘ब्लेंडेड माल्ट’ म्हणतात. मंकी शोल्डर त्यातलीच. त्यात गहू किंवा मक्यापासून केलेली ग्रेन व्हिस्की मिसळली की झाली ‘ब्लेंडेड स्कॉच’. जॉनी वॉकर, टीचर्स, शिवास रीगल ही सगळी त्या घरातली मंडळी.

स्कॉटलंडच्या बहुतेक डिस्टिलऱ्या कित्येक पिढ्या या ब्लेंडसाठीच राबल्या. त्यांचं नाव लेबलवर येत नसे. 1963 मध्ये ग्लेनफिडिकने आपला माल्ट स्वतंत्रपणे, नेटाने परदेशी बाजारात नेला आणि मग हळूहळू इतरांनाही हा धंदा दिसू लागला. परवडणाऱ्या माल्टचं मूळ या इतिहासात आहे. ज्यांचा माल आजही मुख्यतः ब्लेंडमध्ये जातो, त्या डिस्टिलऱ्यांना नावाचा भाव लावता येत नाही. त्यांची व्हिस्की स्वस्त असते ती नाव मोठं नाही म्हणून. चवीचा त्यात दोष नसतो.

किंमत कशाची?

स्टिलमधून निघणारं मद्य पाण्यासारखं रंगहीन असतं. रंग, आणि चवीचा मोठा वाटा, पिंपातून येतो. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्याच्या कामाचं राहत नाही. अशी सुमारे 200 लिटरची लाखो पिंपं स्कॉटलंडला जातात. ती मुबलक, म्हणून स्वस्त, आणि त्यांच्यातून व्हॅनिला, मध, नारळाच्या अंगाची चव येते. स्पेनमधल्या शेरीने मुरलेली पिंपं फार महाग पडतात. मनुका, सुकं अंजीर, मसाल्यांची चव त्यांची. गडद रंगाच्या शेरी माल्टची किंमत चढी का असते, याचं निम्मं उत्तर सुताराच्या बिलात आहे.

दुसरा खर्च काळाचा. स्कॉटलंडच्या गोदामातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जातं. त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. दहा वर्षांत शंभरातले अठराएक लिटर हवेत जातात आणि तेवढा काळ भांडवल अडकून पडतं. बारा वर्षांची बाटली आठ वर्षांच्या बाटलीपेक्षा महाग असण्यात गैर काही नाही. पण महाग म्हणजे सरस, हे गणित तिथे सिद्ध होत नाही. थकलेल्या, तिसऱ्या-चौथ्यांदा भरलेल्या पिंपात अठरा वर्षं पडलेल्या माल्टपेक्षा चांगल्या पिंपातला सात वर्षांचा माल्ट कितीतरी बोलका असू शकतो.

तिसरा खर्च सरकारचा. ब्रिटनमध्ये 2025 साली 40 टक्के अल्कोहोलच्या 70 सेंटिलीटर बाटलीवर 9 पौंडांहून जास्त अबकारी कर आणि वर 20 टक्के व्हॅट होता. 24 पौंडांच्या बाटलीतले साधारण 13 पौंड सरकारजमा. उरलेल्या 11 पौंडांत बार्ली, पिंप, काच, दुकानदार आणि नफा. एवढ्यात कुणी बरी व्हिस्की पाजत असेल, तर त्याचं कौतुकच करायला हवं.

काही कष्टाळू घरं

स्पेसाइड भागातल्या एल्गिन शहरात, लॉसी नदीकाठी ग्लेन मोरे आहे. आधी ती बिअरची ब्रुअरी होती; 1897 मध्ये व्हिस्की सुरू झाली. 2008 पासून ती ला मार्टिनिकेझ या फ्रेंच कंपनीकडे आहे. तिचा ‘एल्गिन क्लासिक’ ब्रिटनमधल्या सर्वांत स्वस्त सिंगल माल्टपैकी एक. लिंबाची साल, लोणी, थोडी व्हॅनिला. खोल नाही, पण स्वच्छ. ब्लेंडवरून माल्टकडे येणाऱ्याला याहून सोपी पायरी नाही.

शेजारच्या रोथेस गावात ग्लेन ग्रँट. जॉन आणि जेम्स ग्रँट या भावांनी 1840 मध्ये ती काढली. तिच्या उंच, सडपातळ स्टिलना प्युरिफायर जोडलेले आहेत. जड वाफा तिथे थंड होऊन परत खाली जातात. फक्त हलकी वाफ पुढे सरकते. म्हणून हा माल्ट फिका, हलका, हिरव्या सफरचंदाच्या वासाचा. इटलीत 1960 च्या दशकापासून त्याची पाच वर्षांची बाटली तुफान खपली, आणि 2006 मध्ये काम्पारी या इटालियन कंपनीने डिस्टिलरीच विकत घेतली. कोवळ्या माल्टला नाक मुरडणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. हलकी व्हिस्की फार वर्षं लाकडात ठेवली, तर लाकूडच उरतं.

इन्व्हरनेसच्या दक्षिणेला टोमॅटिन आहे. 1974 मध्ये इथे 23 स्टिल होत्या. स्कॉटलंडमधली ती सर्वांत मोठी माल्ट डिस्टिलरी होती. ब्लेंडला मागणी वाढतच राहणार या हिशेबावर तो डोलारा उभा होता. 1980 च्या दशकात मागणी कोसळली, गोदामं तुंबली, कंपनी बुडाली. 1986 मध्ये ताकारा शुझोसह जपानी भागीदारांनी ती घेतली आणि स्कॉटलंडची डिस्टिलरी प्रथमच संपूर्णपणे जपानी मालकीची झाली. पुढे स्टिल कमी केल्या आणि स्वतःच्या नावाने बाटल्या विकण्यावर भर दिला. बर्बनची आणि कोऱ्या ओकची पिंपं वापरून केलेला ‘लेगसी’ हा त्यांचा स्वस्त माल्ट. गोडसर, किंचित मिरमिरीत.

धुराची हौस असणाऱ्यांनी थेट आयला बेटावरच्या महागड्या नावांकडे धावू नये. बार्ली वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजलेली वनस्पतिमाती, जाळलं की धूर दाण्यात शिरतो. ही पद्धत आयलाची मक्तेदारी नाही. टीचर्सचा कणा असलेली आर्डमोर डिस्टिलरी पूर्व हायलँडमध्ये आहे. तिचा ‘लेगसी’ (नावापुरताच टोमॅटिनच्या लेगसीचा भाऊ) मवाळ धुराचा आणि खिशाला हलका. मल बेटावर 1798 ची टोबरमोरी आहे. तिथे एकाच छताखाली दोन माल्ट होतात: बिनधुराचा टोबरमोरी आणि धुरकट लेडेग. दहा वर्षांचा लेडेग 46.3 टक्क्यांवर भरतात. पाऊस शिरून विझलेल्या चुलीपाशी बसल्यासारखा त्याचा वास. पहिल्या घोटाला अनेकांचा चेहरा वाकडा होतो, आणि त्यांतले बरेच जण पुढे त्याचेच भक्त होतात.

उन्हातला माल्ट

परवडणाऱ्या माल्टचा विचार आपल्या हवामानाशिवाय पुरा होत नाही. बंगळूरची अमृत डिस्टिलरी 1948 मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी स्थापन केली. 24 ऑगस्ट 2004 रोजी तिने आपला सिंगल माल्ट बाजारात आणला, तो भारतात नव्हे, थेट ग्लासगोत. तिथे हसणारे कमी नव्हते. 2010 च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये समीक्षक जिम मरे यांनी ‘अमृत फ्यूजन’ला जगातल्या तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवलं आणि हसू थांबलं. फ्यूजनमध्ये भारतीय बार्लीसोबत पीटच्या धुराची स्कॉटिश बार्ली वापरतात.

आपल्याकडे उष्णतेमुळे मद्य पिंपात भराभर मुरतं आणि तितक्याच भराभर उडतं. वर्षाला आठ ते बारा टक्के. दहा टक्के धरले, तर दहा वर्षांनी शंभर लिटरमधले पस्तीसच उरतात, स्कॉटलंडमध्ये ब्याऐंशी. म्हणून भारतीय माल्टवर वयाचा आकडा सहसा दिसत नाही, आणि तो नसणं हा कमीपणा नाही. अमृतने जास्त मुरवलेल्या आपल्या दुर्मीळ माल्टचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असं ठेवलं.

गोव्याचा हिशेब निराळा. फोंड्याला मॅक्डॉवेल्सचा सिंगल माल्ट अमृतच्या आधीपासून होत होता, पण त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. ती घेतली गेली दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची. त्यांचा माल्ट 2012 मध्ये प्रथम ब्रिटनमध्ये विकला गेला. सहा ओळींच्या कणसाची भारतीय बार्ली, बर्बनची पिंपं आणि समुद्राजवळची दमट उष्ण हवा. ‘ब्रिलियन्स’ बिनधुराचा, ‘एडिटेड’ हलक्या धुराचा, ‘बोल्ड’ पुरता धुरकट. तिन्ही 46 टक्क्यांचे. ‘निर्वाणा’ 40 टक्क्यांचा आणि त्यांच्यातला सर्वांत स्वस्त. हरियाणातल्या इंद्री गावचा ‘इंद्री त्रिनी’ 2021 मध्ये आला. बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशी तीन तऱ्हेची पिंपं वापरूनही त्याने भाव आवाक्यात ठेवला. आता नाशिकजवळच्या दिंडोरीतूनही ‘लाँजिट्यूड 77’ हा सिंगल माल्ट येऊ लागला आहे. पण तो या लेखाच्या बजेटबाहेर जातो.

लेबल वाचा, खोका नको

दुकानात उभं राहिल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अल्कोहोलचं प्रमाण. 40 टक्क्यांवर भरलेली व्हिस्की गार झाली की गढूळ दिसू शकते, म्हणून बरेच जण ती थंड करून गाळतात. त्यात थोडा जाडपणा, थोडी चव जाते. 46 टक्क्यांवर हा प्रश्न येत नाही. शिवाय पाणी आपलं आपण घालू शकतो. दुसरी, रंग. नियमानुसार स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालता येतं, त्यामुळे गडद सोनेरी रंगावर भाळू नये. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर मात्र कृत्रिम रंगाची नोंद करावी लागते, आणि ती वाचली की बऱ्याच नामवंतांचं गुपित फुटतं. तिसरी, वय. लेबलवरचं वय बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. ते दिलं नसेल तर डिस्टिलरीने पिंप कोणतं वापरलंय ते पाहावं.

प्यायला महागडा ग्लास लागत नाही. तोंडाशी निमुळता होणारा कोणताही चालतो. आधी नुसती चाखावी, मग चमचाभर पाणी घालून. बर्फाने वास दबतो, आणि माल्टचे पैसे आपण वासाचेच मोजलेले असतात. तिखट चखणा शेजारी असेल, तर हलक्या माल्टच्या वाटेला जाऊ नये.

परदेशी बाटलीच्या किमतीत कर हा मोठा भाग. महाराष्ट्राने 2021 मध्ये आयात स्कॉचवरचा अबकारी कर 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणला. जुलै 2025 मध्ये भारत आणि ब्रिटनने सही केलेल्या व्यापार करारानुसार स्कॉचवरचं 150 टक्के सीमाशुल्क आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर यायचं आहे. परदेशातून येणारा भाचा किंवा मैत्रीण असेल, तर माणशी दोन लिटरपर्यंत शुल्कमुक्त मद्य आणता येतं. त्यांना मॅकॅलन सांगू नका. डीन्स्टन नाहीतर लेडेग सांगा.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण आणि हाती परवाना हवा. गोव्यातली स्वस्त बाटली परवानगीशिवाय हद्दीपार आणणं गुन्हा आहे. हे सांभाळून एका मोठ्या नावाच्या पैशांत दोन अनोळखी डिस्टिलऱ्यांचे खंबे घ्या, तीन-चार मित्रांत वाटून घ्या, आणि एका संध्याकाळी एका पेगावर थांबा. माल्टची ओळख वेगवेगळ्या घरांची व्हिस्की चाखून होते, एकाच घराची जास्त जुनी पिऊन नाही.