‘धारणीपर्यंत कोण येणार?’ : सायबर सज्जतेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सायबर सुरक्षेचा विषय तालुक्याच्या पातळीवर निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. हल्ले होतात ते मुंबईच्या बँकांवर, दिल्लीच्या मंत्रालयांवर आणि बंगळूरच्या कंपन्यांवर. अमरावतीहून परतवाडा ओलांडून सेमाडोह-हरिसालच्या जंगलरस्त्याने जिथे पोहोचावे लागते, त्या धारणीतल्या एखाद्या पतसंस्थेच्या, आश्रमशाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकात चोराला मिळणार तरी काय? हा युक्तिवाद इतक्या वेळा आणि इतक्या निश्चिंतपणे मांडला जातो की तो नम्रपणाचा आव आणून केलेला आळस आहे, असे म्हणावेसे वाटते. त्यामागे दोन गृहीते आहेत : हल्लेखोर आपले सावज त्याची प्रतिष्ठा पाहून निवडतो आणि अंतर हे संरक्षण असते. दोन्ही गृहीते चुकीची आहेत.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो आणि त्याच्या जुन्या, आजही रूढ असलेल्या पद्धतीत असे सुमारे ४३० कोटी पत्ते बसतात. हा आकडा मोठा वाटत असला तरी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, एका साध्या संगणकावरून आणि चांगल्या जोडणीवरून हे सगळे पत्ते पाऊण तासात तपासता येतात. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून पाहणाऱ्याला घरमालकाचे नाव ठाऊक असावे लागत नाही, आणि येथे तर कडी हलवणारा माणूसही नसतो, ते काम एक प्रोग्रॅम करतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्याने कोणाचीही निवड केली नव्हती, ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध करून दिली होती आणि ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले, मग ते इंग्लंडमधील रुग्णालय असो की आणखी कोणी.

हा प्रकार रॅन्समवेअरचा, म्हणजे संस्थेच्या फायली सांकेतिक रूपात बदलून त्या उघडण्याच्या किल्लीसाठी खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा. ‘आमच्या माहितीला बाजारात किंमत नाही’ हे समर्थन त्याच्यापुढे निरर्थक ठरते, कारण रॅन्समवेअरला ती माहिती तिसऱ्या कोणाला विकावी लागत नाही. ती तिच्या मालकालाच परत विकायची असते. पतसंस्थेची खातेवही बाहेरच्याला निरुपयोगी असेल, पण सोमवारी सकाळी काउंटर उघडणाऱ्या व्यवस्थापकाला ती नाही.

तरीही धारणीचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही, कारण लहान संस्थेवर येणारे संकट पुष्कळदा तिच्या स्वतःच्या दारातून येतच नाही. ३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे यूपीआय, रुपे आणि आधार-आधारित देयक प्रणाली चालवणाऱ्या संस्थेने, ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या कंपनीला आपल्या किरकोळ देयक यंत्रणांपासून तात्पुरते तोडले, कारण त्या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरले होते. टीसीएस आणि स्टेट बँक यांची ही संयुक्त कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रज्ञानसेवा पुरवते. परिणामी देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांना त्या काळात एटीएम किंवा यूपीआय वापरता आले नाही आणि दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. या बँकांपैकी बहुतेकींच्या संगणकात चोर शिरला नव्हता. त्या लहान होत्या, म्हणून त्यांनी यंत्रणा भाड्याने घेतली होती, आणि यंत्रणा भाड्याची होती म्हणून त्या एकाच वेळी ठप्प झाल्या. लहान असणे हे संरक्षण आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही घटना दोनदा वाचावी.

हेच गणित धारणी ज्यात येते त्या मेळघाटाला लावून पाहावे. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रकल्पातून ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहीर झाले, आणि त्या घोषणेतले प्रत्यक्षात किती उतरले यावर २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत जाहीर सभांमधून वाद रंगला. वादाचा निकाल काहीही लागो, तालुक्याचा कारभार मात्र दरम्यान गाजावाजा न होता डिजिटल होऊन गेला : शिष्यवृत्तीची रक्कम आधार-जोडणीच्या खात्यात जमा होते, बँकमित्र अंगठ्याच्या ठशावर पैसे देतो, अंगणवाडी सेविका बालकाचे वजन ‘पोषण ट्रॅकर’ या केंद्रीय अॅपमध्ये भरते. यातला जवळजवळ कोणताही सर्व्हर धारणीत नाही. म्हणून ‘आमच्याकडे आहेच काय’ हा प्रश्न चुकीचा असून ‘आमचे काम कोणाकोणाच्या यंत्रणेवर चालते आणि ती बंद पडली तर त्या दिवशी वाटप कसे करायचे’ हा सज्जतेचा पहिला प्रश्न आहे. कागदावरची पर्यायी नोंदवही कोण ठेवणार, हे ठरलेले नसेल तर उत्तर तयार नाही, असेच समजावे.

लहान म्हणजे सुरक्षित, या गैरसमजाला नियमांचा चुकीचा अर्थही हातभार लावतो. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांचा सायबर सुरक्षा आराखडा लागू केला. तेव्हापासून ‘लहान बँकेला सूट आहे’ असे ऐकू येऊ लागले. आराखड्यात तसे काहीही नाही. पहिली पातळी सर्वच नागरी सहकारी बँकांना लागू आहे, आणि पुढच्या पातळ्या ठेवींच्या आकड्यावर नव्हे, तर बँक किती डिजिटल सेवा देते आणि देयक यंत्रणांशी किती खोलवर जोडलेली आहे, यावर ठरतात. या कडकपणाला पार्श्वभूमी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातील मोठा भाग बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून काढला गेला. एटीएमकडून आलेली विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे पोहोचवून तिची मंजुरी परत आणणारा जो ‘स्विच’ असतो, त्याच्या जागी हल्लेखोरांनी आपला बनावट स्विच उभा केला आणि मंजुरी तोच देत राहिला, त्यामुळे खात्यात शिल्लक आहे का, हे मुख्य प्रणालीला कोणी विचारलेच नाही. पतसंस्थांवर मात्र रिझर्व्ह बँकेचे नव्हे, तर राज्याच्या सहकार खात्याचे नियंत्रण असल्याने हा आराखडा त्यांना लागूच होत नाही. तालुक्यातला छोटा ठेवीदार पुष्कळदा तिथेच असतो.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमज सुशिक्षितांमध्ये आढळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सप्टेंबर २०२४ च्या जागतिक सायबर सुरक्षा निर्देशांकात भारताला १०० पैकी ९८.४९ गुण आणि पहिली श्रेणी मिळाली, म्हणून देश सज्ज आहे, असा निष्कर्ष काढला जातो. हा निर्देशांक कायदे, तांत्रिक यंत्रणा, प्रशासकीय रचना, क्षमताविकास आणि सहकार्य या पाच बाबतींतली राष्ट्राची बांधिलकी मोजतो. एखाद्या कार्यालयाचा बॅकअप चालतो की नाही हे तो मोजत नाही. तीनशे बँका तुटल्या त्यानंतर काही आठवड्यांतच हे गुण जाहीर झाले आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. संस्थांची पाहणी करणाऱ्या सिस्कोच्या २०२४ च्या अहवालात भारतातील केवळ ४ टक्के संस्था ‘परिपक्व’ ठरल्या, आदल्या वर्षी त्या २४ टक्के होत्या. सिस्को सुरक्षा-उत्पादने विकणारी कंपनी आहे आणि मधल्या काळात मोजणीचे निकषही बदलले होते, त्यामुळे या घसरणीवरून आरडाओरडा करणेही शहाणपणाचे नाही. तरीही ९८ आणि ४ हे आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतात. ‘बॅकअप आहे’ हे उत्तर अपुरे आहे, कारण तो त्याच नेटवर्कवर असेल तर मूळ फायलींबरोबर तोही कुलूपबंद होतो : मार्च २०२१ मध्ये, अमरावतीतही प्रादेशिक कार्यालय असलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात असल्याने त्याला बाधा झाली नाही, असे महामंडळाने जाहीर केले, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचा कारभार सुमारे दोन आठवडे हाताने चालवावा लागला, तेव्हा नेटवर्कचे भाग योग्य रीतीने विलग नव्हते, असे सरकारने संसदेत सांगितले. इंटरनेट नसलेला संगणक सुरक्षित असतो, हेही खरे नाही. इराणच्या नतान्झ येथील अणुकेंद्रातल्या यंत्रांपर्यंत ‘स्टक्सनेट’ हा घातक प्रोग्रॅम पोहोचला तो पेन ड्राइव्हच्या मार्गाने. खंडणी भरली की सुटका होते, असे मानणाऱ्यांसाठी अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइनचे उदाहरण पुरे आहे : मे २०२१ मध्ये ७५ बिटकॉइन मोजून मिळालेले फायली उघडण्याचे साधन इतके संथ होते की कंपनीला आपल्या बॅकअपचाच आधार घ्यावा लागला. वीज गेली की सायबर हल्ला झाला, ही घाईही टाळावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत वीज गेली त्यामागे घातपाताची शक्यता राज्याच्या गृहमंत्र्यांनी बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक ठरवली.

हल्ला झाकून ठेवला तर संस्थेची अब्रू वाचते, हा समज कायद्यालाच धरून नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांप्रमाणेच सरकारी कार्यालयांनीही ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायच्या आहेत आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. पैसे गेले असतील तर त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे आणि तेथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. अशी तक्रार अमरावतीच्या सायबर ठाण्यातच घेतात, असे समजून तिकडची बस पकडण्यात दिवस घालवण्याचेही कारण नाही : गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, फक्त माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो.