गाडी कुठपर्यंत न्यावी?

बेळगावकरांना सह्याद्रीचा शेजार लाभला आहे. सकाळचा राउंड लवकर आटोपून निघाले, तर दुपारच्या जेवणाच्या आत चोर्ला, तिलारी किंवा आंबोली यांपैकी कोणत्याही घाटाचा माथा गाठता येतो. दुर्गभ्रमंतीची आवड आपल्या व्यवसायबंधूंमध्ये वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याबरोबर दारातील गाडीही बदलत चालली आहे. छोट्या मोटारीची जागा उंच, रुंद एसयूव्हीने घेतली आणि गाडीच्या उंचीबरोबर मालकाचा आत्मविश्वासही वाढला. पूर्वी जेथे आपण गाडी सावलीत उभी करून पायी निघत असू, तेथून आता ‘आणखी थोडे पुढे जाऊ’ असा मोह होतो. हा मोह कोठे आवरावा, हे ठरवण्याची काही साधने या लेखात मांडत आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी आपण रुग्णाला ‘फिट’ ठरवतो, ते सरसकट नव्हे. कोणती शस्त्रक्रिया, कोणती भूल, आजची प्रकृती काय, हे पाहूनच तो शेरा लिहिला जातो. गाडीचेही तसेच आहे. ‘माझी गाडी डोंगरात चालेल का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ही गाडी, आजचा भार घेऊन, आजच्या हवेत, या रस्त्यावर कोणत्या वळणापर्यंत नेता येईल, या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. गडाचा पायथा नकाशावर कोठेही दाखवलेला असो. आपली गाडी जेथे थांबली पाहिजे, तेथून आपली चढाई सुरू झाली असे मानावे.

रस्त्याची विचारपूस

उदाहरणादाखल भुदरगड तालुक्यातील रांगणा किल्ला घेऊ. गारगोटी, कडगाव आणि मौनी महाराजांच्या मठामुळे प्रसिद्ध असलेले पाटगाव, हा मार्ग साध्या मोटारीलाही अवघड नाही. भटवाडीच्या पुढे चिक्केवाडीकडे जाणारी रानातील वाट मात्र वर्षानुवर्षे जांभ्याच्या खडकांसाठी, लाल मातीसाठी आणि वाटेत आडव्या येणाऱ्या ओहोळांसाठी ओळखली गेली. अशा वाटेचे रूप दर पावसाळ्यानंतर बदलते. त्यामुळे गतवर्षी जाऊन आलेल्या मित्राचा सल्ला शिळा ठरू शकतो. विचारावे ते त्याच आठवड्यात, त्याच वाडीत.

कसे विचारावे, यालाही महत्त्व आहे. ‘गाडी जाते का?’ असे विचारले की ‘जाते की!’ हेच उत्तर मिळते. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे वडापची जीप किंवा ट्रॅक्टर असतो. बालरोगतज्ज्ञाला हा अनुभव नवा नाही. ‘बाळ नीट खाते का?’ या प्रश्नातून काही कळत नाही. ‘काल सकाळपासून काय काय खाल्ले?’ असे विचारल्यावर खरे चित्र उभे राहते. तेव्हा विचारावे : शेवटची गाडी कधी गेली? कोणती होती? नंतर पाऊस झाला का? समोरून गाडी आली तर बाजू कोठे देता येते? वळवायला जागा कोठे आहे? या पाच उत्तरांत निम्मे निदान होते.

काही ठिकाणी हा निर्णय आपल्याकडे राहतही नाही. दूधसागर धबधब्याकडे कुळेहून जंगलातून, पाण्यातून जाणारी वाट स्थानिक जीपवाल्यांच्या हाती सोपवलेली आहे. जेथे अशी सोय नियमाने केलेली नाही, तेथेही वाडीतील जीप भाड्याने घेण्यात कमीपणा कसला? चालक त्या वाटेचा प्रत्येक दगड ओळखतो.

पोटाखालची जागा

छोट्या मोटारींच्या तळाखाली साधारण १६० ते १७० मिलिमीटर जागा असते. मारुती जिम्नीची ही जागा २१० मिलिमीटर, तर २०२० मध्ये आलेल्या नव्या महिंद्रा थारची २२६ मिलिमीटर सांगितली जाते. म्हणजे साधी मोटार आणि खास डोंगरासाठी बनवलेली जीप यांत अंतर आहे ते जेमतेम तीन-चार बोटांचे. त्यातच कंपनीचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि त्यांच्या पिशव्या भरल्या की स्प्रिंगा दबतात आणि ही बोटे हिशेबातून निघून जातात. म्हणून घरीच, माणसे बसवून, सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच राहतो हे आपल्या वितीने मोजून ठेवावे. वाटेतील दगडाला तीच वीत लावता येते.

उंचीइतकाच आकारही महत्त्वाचा आहे. पुढचा बंपर चाकांच्या फार पुढे आलेला असेल, तर चढ सुरू होतानाच तो जमिनीला टेकतो. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर मोठे असेल, तर उंचवट्यावर गाडीचे पोट अडते. ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल गेलेल्या चाकोऱ्यांतही हेच घडते. चाके खाली उतरतात, मधला कणा वर राहतो आणि ऑइलचा चेंबर त्यावर आपटतो. चेंबर फुटला आणि तेल वाहून गेले की इंजिन त्याच क्षणी बंद करणे एवढेच हाती उरते. दगड दोन चाकांच्या मध्ये घेण्याचा मोह टाळून शक्य तेथे चाक हळूच दगडावर चढवावे, म्हणजे पोटही त्याबरोबर वर उचलले जाते.

चाके आणि ओढ

आपल्या बहुतेक मोटारींची पुढची चाके ओढतात. तीव्र चढावर गाडीचा भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुट्या खडीवर जागच्या जागी फिरू लागतात. सपाट चिखलात बरी चालणारी मोटार चढावर हतबल होते, त्याचे हे कारण. चारही चाकांना शक्ती आणि शिवाय ‘लो रेंज’चा गिअर असलेली गाडी येथे खरी उपयोगी पडते, नुसते एसयूव्हीचे रूप नव्हे. अशी गाडी असली तरी दोन चाकांवर जेवढे जाता येईल तेवढेच जावे आणि उरलेली दोन चाके बाहेर पडण्यासाठी राखून ठेवावीत.

टायरकडे आपण क्वचितच पाहतो. त्याच्या कडेवरील चार आकडी संख्या जन्मतारीख सांगते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो कायद्यानेही संपतो. ओल्या जांभ्यावर तर त्याआधीच. जांभ्याच्या धारदार कडेने टायरची बाजू फाटली, तर पंक्चरच्या किटने ती सांधत नाही. २०२० मधील नियमबदलानंतर काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, हे घरून निघण्यापूर्वीच पाहावे.

पाणी आणि उतार

ओढ्याच्या पाण्याबाबत आर्किमिडीजचा साधा हिशेब पुरेसा आहे. छोट्या मोटारीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मीटर धरू. तळाच्या वर १० सेंटिमीटर पाणी चढले, तर ६०० लिटर पाणी बाजूला सारले जाते. म्हणजे सुमारे ६०० किलोची उचल मिळते. मोटारीचे वजन ९०० किलोच्या आसपास असते. आत पाणी शिरण्याआधीच तिची चाके जमिनीवर नावापुरती टेकलेली राहतात आणि मग प्रवाहाला फार जोर लावावा लागत नाही. जड जीपलाही हाच नियम लागू आहे, फक्त थोड्या उशिरा. वाहते पाणी गुडघ्याला येत असेल किंवा तळ दिसत नसेल, तर फरशी पूल ओलांडू नये. सकाळी सुकी असलेली फरशी संध्याकाळी परतताना तशीच असेल, असेही गृहीत धरू नये.

चढाची काळजी सर्वांना असते, उताराची थोड्यांना. तिलारी घाट डांबरी असूनही त्याच्या तीव्र उताराने चालकाची परीक्षा घेतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि हळूहळू पकड सोडतो. त्याचा वास येऊ लागला की थांबून त्याला निवू द्यावे. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा शिष्टाचार आहे आणि नियमही.

तो रस्ता कोणाचा?

येथवर विचार झाला तो आपल्या गाडीचा. परंतु जी वाट आपल्यासाठी रविवारचे साहस आहे, ती वाडीसाठी दवाखान्याची एकमेव वाट असते. काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका वाडीतून सात दिवसांचे अर्भक माझ्याकडे आले. दूध ओढणे थांबलेले, हातपाय गार. निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांचा मेळ बसेना, तेव्हा आजीने खुलासा केला. शहरातून आलेली एक मोटार चाकोरीत अडकून आडवी झाली होती आणि यांची जीप पाऊण तास तिच्यामागे उभी होती. त्या पाऊण तासात बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून लुगड्याचे वेढे द्यायची बुद्धी त्या माउलीला झाली, म्हणून पुढचे उपचार करायला अवकाश मिळाला. बाळ वाचले. मोटारीत कोण होते ते मला ठाऊक नाही. माझ्यासारखेच कोणी सुशिक्षित, सुस्थित आणि डोंगरावर प्रेम करणारे असणार.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे. पण तिला दुसरा रस्ता नाही. आपल्या गाडीची क्षमता ठरवताना म्हणूनच हाही निकष लावला पाहिजे : येथे गाडी बंद पडली, तर मागचा माणूस पुढे जाऊ शकेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर गाडी जाऊ शकत असूनही नेऊ नये. उभी करतानाही वळणाची मोकळी जागा अडवू नये, कारण तीच जागा इतरांच्या गाड्या वळवण्याची असते.

दुसरा निकष आपल्या मुलाबाळांचा. गाडीतील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध प्रवाशाला या जागेवरून पायी परत डांबरी रस्त्यापर्यंत नेता येईल काय? कडेवर बाळ आणि वर पाऊस असताना चार किलोमीटर हे फार मोठे अंतर आहे. मोबाईलला रेंज नसते, हेही त्यात धरावे.

शंका आली तेथे थांबावे, खाली उतरावे आणि पुढची दोनशे पावले पायी चालून पाहावीत. दगड, चाकोरी, पाणी आणि गाडी वळवण्याची पुढची जागा, या चार गोष्टी त्या दोनशे पावलांत कळतात. वळवायची जागा दिसली नाही, तर मागे दिसलेल्या शेवटच्या जागी गाडी लावून पाठीवर पिशवी घ्यावी. बेत आखतानाच या जादा चालण्यासाठी जाऊन-येऊन दोन तास राखून ठेवले, म्हणजे अंधाराच्या धाकाने गाडी पुढे रेटण्याची पाळी येत नाही. आपण सारेच दिवसभर रुग्णांना चालण्याचा सल्ला देत असतो. रविवारी दोन तास तो स्वतः पाळायला हरकत नसावी.