ट्रॉम्बोनच्या माउथपीसवर ‘१२सी’, ‘५जी’ असं का लिहिलेलं असतं? मोठा आकडा म्हणजे मोठा माउथपीस?

पोलीस बँडच्या संचलनात एक वाद्य लगेच लक्ष वेधून घेतं. वादक नळी पुढे-मागे सरकवतो आणि सूर बदलत जातो. हा ट्रॉम्बोन. पण त्याचा आवाज सुरू होतो तो ओठांना टेकलेल्या छोट्याशा माउथपीसपासून. हा माउथपीस चुकीचा घेतला, तर पैसे वाया जातातच. कधीकधी तो वाद्यात बसतही नाही.

माउथपीस नेमकं काय करतो?

हवा सोडली की वादकाचे ओठ थरथरतात. ही थरथर माउथपीसच्या वाटीतून आणि खालच्या बारीक छिद्रातून वाद्यात पोहोचते. त्यामुळे निवडताना तीन गोष्टी बघायच्या असतात: वाटीच्या तोंडाचा व्यास, वाटीची खोली आणि वाद्यात जाणारा दांडा, म्हणजेच शँक.

आकड्यांचा अर्थ काय?

व्हिन्सेंट बाख या ट्रम्पेटवादकाने १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनवायला सुरुवात केली. (जगप्रसिद्ध संगीतकार बाख वेगळे!) त्यांच्या पद्धतीत आकडा जितका लहान, तितकी वाटी रुंद. १२सीचा व्यास सुमारे २४.५ मिलिमीटर, ५जीचा २५.५, तर बास ट्रॉम्बोनच्या दीड जीचा २७ मिलिमीटर. म्हणजे सगळा फरक अवघ्या अडीच मिलिमीटरचा. पण ओठांना अर्धा मिलिमीटरही लगेच जाणवतो.

अक्षर वाटीची खोली सांगतं. ‘ए’ खोल, ‘सी’ त्यापेक्षा उथळ. ‘जी’ मात्र या क्रमात बसत नाही. ती खोल वाटीची मालिका आहे.

शिल्की या अमेरिकी कंपनीचा हिशोब उलटा आहे. तिथे ६० नंबर ५१ पेक्षा मोठा. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसरीच्या दुकानात सांगून उपयोग नाही.

आवाजात काय फरक पडतो?

उथळ, लहान वाटीतून आवाज उजळ आणि धारदार येतो, वरचे सूर तुलनेने सोपे जातात. म्हणून जॅझमध्ये ती अनेकांना आवडते. रुंद, खोल वाटीचा आवाज भरदार आणि गडद असतो. सिम्फनी ऑर्केस्ट्रात असा आवाज हवा असतो. पण त्यासाठी हवा जास्त लागते आणि सवय नसेल तर ओठ लवकर थकतात. त्यामुळे ‘मोठा म्हणजे प्रोफेशनल’ हा समज चुकीचा आहे. नवशिक्यांना बहुतेकदा १२सी किंवा साडेसहा एएल दिला जातो, तो याचसाठी.

सर्वात महाग पडणारी चूक कोणती?

शँक न बघणं. तो लहान आणि मोठा अशा दोन मुख्य मापांत मिळतो. लहान शँक मोठ्या तोंडाच्या वाद्यात घातला तर जास्त आत जातो, डुगडुगतो आणि सूर बिघडतो. मोठा शँक लहान तोंडात नीट शिरतच नाही. साडेसहा एएलसारखे काही माउथपीस दोन्ही शँकमध्ये मिळतात, म्हणून नुसता नंबर सांगून ऑर्डर देऊ नये.

मग निवडायचा कसा?

आधी वाद्याला कोणता शँक लागतो ते तपासा. मग सध्याच्या मापाच्या जवळचाच माउथपीस घ्या आणि खालचे, मधले, वरचे असे सगळे सूर वाजवून बघा. पहिल्या पाच मिनिटांत नवा माउथपीस छानच वाटतो. अर्ध्या तासाने ओठ काय म्हणतात, त्यावर निर्णय घ्या.