लोहकणांना उजळवणारा एमआरआय

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांना त्यांच्याच रक्तापासून बनवलेल्या डेंड्रायटिक पेशी लस म्हणून टोचल्या होत्या. या पेशी प्रतिकारयंत्रणेला कर्करोगाची ओळख पटवतात, पण त्यासाठी त्या लसिकाग्रंथीत पोचाव्या लागतात. म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई थेट ग्रंथीत घातली होती. पेशींमध्ये आधीच लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरलेले होते, आणि जोडीला किरणोत्सारी खूणही होती. एमआरआय काढला तेव्हा आठांपैकी चौघांच्या पेशी ग्रंथीत नव्हे, तिच्या आसपास पडलेल्या आढळल्या. त्याच रुग्णांच्या किरणोत्सारी खुणेच्या चित्रात ही चूक कळत नव्हती. लस लागू का पडली नाही, याचे उत्तर कधी कधी इतके साधे असू शकते, आणि ते दाखवून देणारे लोहकण मला म्हणूनच फार मोलाचे वाटतात.

त्या चित्रात हे कण काळे दिसत होते. एमआरआय लोह पाहत नाही. तो शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन अणूंचा संदेश टिपतो. १.५ टेस्लाच्या यंत्रात हे अणुगर्भ सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख वेळा भोवऱ्यासारखी प्रदक्षिणा घालतात. सगळे एका लयीत असतील तोवर संदेश ठळक येतो. लोहकण मात्र स्वतः छोटे चुंबक बनून शेजारचे चुंबकीय क्षेत्र विसकटतात. तिथल्या अणुगर्भांचा कुठे वेग वाढतो, कुठे घटतो, संदेश एकमेकांना खोडतात आणि चित्रात काळे भोक उरते. ते कणापेक्षा कितीतरी मोठे असते. म्हणूनच अमेरिकेत २००४ साली उंदराच्या गर्भातला, अवघ्या काही मायक्रोमीटरांच्या मापाचा एकच कण एमआरआयने दाखवता आला.

पण काळे ते सगळे लोहकण नव्हेत. जुना रक्तस्राव काळा दिसतो, हवा काळी दिसते, कॅल्शियमचे साठे काळे दिसतात. नायमेखनला कुठे पाहायचे ते ठाऊक होते. हृदयाच्या स्नायूत किंवा फुप्फुसाजवळ मूळ पेशी टोचल्या, तर त्याच काळ्या ठिपक्यावर विसंबणे कठीण. शिवाय संदेशच नाही, तिथे मोजायचे काय?

यावर निघालेली तोड विलक्षण आहे. कण नाही तर नाही, त्याने बिघडवलेले पाणी तर दिसू शकते! स्टॅनफर्डच्या चार्ल्स कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी २००५ साली नेमके हेच केले. हायड्रोजनला चेतवणारे रेडिओ स्पंद नेहमीच्या पाण्याच्या वारंवारतेवर न सोडता थोड्या बाजूच्या वारंवारतेवर सोडले. दिंडीत शेकडो टाळ एका ठेक्यात वाजत असताना फक्त ठेका सुटलेले टाळ ऐकावेत, तसे हे आहे. लोह नसलेल्या ऊतीला ते स्पंद लागूच होत नाहीत, ती अंधारात राहते. लोहाभोवतीचे पाणी तेवढे उजळते.

हा उजेड गोल ठिपक्यासारखा नसतो. यंत्राच्या क्षेत्राच्या दिशेने कणाच्या दोन्ही टोकांना क्षेत्र वाढते आणि कडेच्या पट्ट्यात घटते. वरच्या वारंवारतेकडे कान लावला, तर दोन टोकांचे दोन पुंजके दिसतात, आणि खरा कण त्यांच्या मधल्या काळोखात असतो. ही निवड उपयोगाची असते, कारण चरबीचे हायड्रोजन १.५ टेस्लाला पाण्यापेक्षा सुमारे २२० हर्ट्झ खाली असतात. खालची बाजू धरली तर चरबीही लोहाच्या नावाने चमकते.

वाटा आणखीही आहेत. उट्रेख्टच्या संशोधकांनी २००३ सालीच ग्रेडियंट, म्हणजे यंत्राने लावलेला क्षेत्राचा चढउतार, मुद्दाम अर्धवट सोडून पार्श्वभूमी मंद केली होती. जिथे कणाचे क्षेत्र ती उणीव भरून काढते, तिथेच संदेश परत येतो. जॉन्स हॉपकिन्सच्या मथायस स्टुबर यांच्या गटाने २००७ साली आधी सामान्य पाणी दाबून मग मूळ पेशी उजळवल्या. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर मात्र या सगळ्याच पद्धती फसतात, कारण तिथे क्षेत्र आपोआपच विसकटलेले असते.

रसायनाच्या वाटेने कणच बदलण्याचाही प्रयत्न झाला. गाभा सुमारे ३ नॅनोमीटरपर्यंत आणला, की क्षेत्र विसकटण्याची त्याची ताकद घटते आणि तो एमआरआयसाठी टोचल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमच्या औषधांसारखा उजळ दिसतो. एमआयटीच्या गटाने २०१७ साली असे कण उंदरात वापरले आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेरही पडले. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना काही गॅडोलिनियम औषधांमुळे त्वचा आणि सांधे आखडणारा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून या शोधाला महत्त्व आहे. लोह शरीराला परके नाही. फेरुमॉक्सिटॉल हे लोह ऑक्साइडचेच औषध अमेरिकेत २००९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या पंडुरोगावर दिले जाते. मात्र त्याने क्वचित जीवघेणी ॲलर्जी होते, त्यामुळे देताना देखरेख लागते.

पार्श्वभूमी दबल्यामुळे मोजणीही शक्य झाली: कनिंगहॅम यांच्या प्रयोगात पेशी जितक्या जास्त, तितका संदेश मोठा मिळाला. पण उजळ ठिपका ती पेशी जिवंत आहे की नाही, हे सांगत नाही. पेशी मेली की तिचे लोह भक्षक पेशी गिळतात आणि चित्र तसेच चमकत राहते. त्यामुळे प्राण्यांवरच्या प्रयोगांत पेशीला लोहाबरोबर दुसरी खूणही दिली जाते: पेशी जिवंत असेपर्यंतच प्रकाश निर्माण करणाऱ्या ल्युसिफरेज विकराचे जनुक.