ज्येष्ठांचा बीपी: मोजण्यात चूक झाली तर उपचारही चुकतो

आपल्याकडे जयंतीच्या किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या निमित्ताने आरोग्य शिबिरे होतात. ज्येष्ठ मंडळी रांगेत उभी राहतात, नंबर आला की खुर्चीवर बसतात, लगेच दंडाला पट्टा बांधला जातो आणि अर्ध्या मिनिटात कागदावर आकडा लिहून मिळतो. १६०/८० आला की घरचे घाबरतात. १३०/७० आला की, "बीपी नॉर्मल आहे, आता गोळी बंद करू," असे म्हणतात. या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. उतारवयात बीपी कसा मोजला, यावर पुढचा सगळा उपचार अवलंबून असतो. म्हणून ही साधी वाटणारी तपासणी प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घ्यायला हवी.

वरचा आकडा का महत्त्वाचा?

हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते, तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातला दाब म्हणजे खालचा आकडा. तरुणपणी रक्तवाहिन्या रबरी नळीसारख्या लवचिक असतात. वय वाढते तशा त्या कडक होतात. मग वरचा आकडा वाढत जातो आणि खालचा तसाच राहतो किंवा कमी होतो. त्यामुळे अनेक ज्येष्ठांचा बीपी १६५/७५ असा दिसतो.

"खालचा नॉर्मल आहे ना, मग काळजी नाही," हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाची भिंत जाड होते, पुढे हृदय थकते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटण्याचा किंवा बंद पडण्याचा धोकाही वाढतो. १९९१ साली अमेरिकेत 'शेप' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यात ६० वर्षांवरील ४,७३६ माणसे होती. सगळ्यांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता. औषधोपचार मिळालेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झाले आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

"आता ऐंशी झाली, कशाला गोळ्या?" असेही घरोघरी ऐकू येते. २००८ साली ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्णांवरचा 'हायव्हेट' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. म्हणजे वय झाले म्हणून उपचार सोडायचे कारण नाही.

आकडा कुठे चुकतो?

दंड हृदयाच्या पातळीवर नसेल तर आकडा बदलतो. हात मांडीवर ठेवला किंवा खाली लोंबकळत राहिला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२४ मधील अभ्यासात हात मांडीवर असताना वरचा आकडा सरासरी सुमारे ४ अंकांनी आणि हात बाजूला सोडलेला असताना साडेसहा अंकांनी जास्त आला. ज्यांचा बीपी सीमेवर आहे, त्यांना एवढ्या फरकाने विनाकारण गोळी सुरू होऊ शकते.

पट्ट्याचे मापही तितकेच महत्त्वाचे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा बराच जास्त येतो. किडकिडीत आजीच्या दंडाला मोठा पट्टा बांधला तर तो कमी येतो आणि वाढलेला बीपी लक्षातच येत नाही.

याशिवाय नुकताच जिना चढलेला असणे, लघवी तुंबलेली असणे, मोजताना बोलणे, पायावर पाय टाकून बसणे, अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू किंवा मिश्री घेतलेली असणे, या सगळ्याने बीपी वाढतो. काहींचा बीपी डॉक्टरांसमोर भीतीने वाढतो. काहींचा उलटा, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त असतो. म्हणून शिबिरातला एकच आकडा म्हणजे निदान नव्हे. पुन्हा नीट मोजायला हवे, एवढेच तो सांगतो.

उभे राहिल्यावरचा बीपी

ज्येष्ठांच्या बाबतीत हमखास राहून जाणारी तपासणी ही आहे. उभे राहिल्यावर रक्त पायांकडे उतरते. तरुण शरीर लगेच सावरते, वयस्कर शरीराला वेळ लागतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० अंकांनी घसरला, तर त्याची दखल घ्यावी लागते. मधुमेह असलेल्यांत आणि बीपी, प्रोस्टेट किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त दिसते.

रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, यामागे अनेकदा हेच कारण असते. बसून मोजलेला बीपी चुकून जास्त आला, गोळी वाढवली आणि उभे राहिल्यावर बीपी आणखी घसरला, तर औषधच घात करते. त्यामुळे गोळी वाढवण्याआधी उभे राहूनही बीपी मोजावा, अशी विनंती डॉक्टरांना जरूर करावी.

आडवे असतानाचा बीपीही दुर्लक्षित राहतो. अमेरिकेत मध्यमवयीन ११ हजारांहून अधिक लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला. ज्यांचा बीपी बसल्यावर ठीक पण आडवे असताना जास्त होता, त्यांच्यातही हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात, यावरून घरच्या घरी औषध बदलायचे नाही. डॉक्टरांशी बोलायचे.

घरी बीपी कसा मोजावा?

• दंडावर बांधायचे मशीन घ्यावे, मनगटावरचे शक्यतो टाळावे. दंडाचा घेर मोजूनच पट्टा निवडावा.
• लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे.
• पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्याच्या किंवा स्वेटरच्या बाहीवर नको. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीवर ठेवावा.
• पहिल्यांदा दोन्ही हातांचा बीपी मोजावा. ज्या हाताचा जास्त येईल, पुढे नेहमी त्याच हाताचा मोजावा. दोन्हींत १० अंकांपेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगावे.
• सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजावे. दोन वेळांमध्ये एक मिनिट थांबावे. सकाळी गोळी घेण्याआधी मोजावे.
• सगळे आकडे वहीत लिहावेत. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेला समजतात. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० आहे.

मशीन वारंवार एरर दाखवत असेल किंवा आकडे फारच वरखाली होत असतील, तर नाडी अनियमित असू शकते. अशा नाडीमुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून ईसीजी काढून घ्यावा.

कुटुंबाने काय करावे?

गोळी चालू आहे म्हणूनच बीपी नॉर्मल आला आहे, हे घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये आणि शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. लोणचे, पापड, सुकट, खारे फरसाण यांतून जाणाऱ्या मिठाकडे लक्ष द्यावे. मशीन विकत घेणे परवडत नसेल तर जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. तिथे जाताना घाई करू नये, आधी पाच मिनिटे बसू द्या, असे न लाजता सांगावे. शिबिर भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही चार जास्तीच्या खुर्च्या, हात टेकायला टेबल आणि लहान-मोठे पट्टे यांची सोय करावी. त्याला फारसा खर्च येत नाही.

बीपी १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा. अशी लक्षणे असतील तर आकडा कमी असला तरीही थांबू नये.