मृत्तिका-चुनखडक सिमेंट

पोर्टलंड सिमेंटमधील क्लिंकरचा (भट्टीत भाजून मिळणाऱ्या कठीण खड्यांचा) सुमारे निम्मा भाग कमी करून त्याऐवजी भाजलेली मृत्तिका (चिकणमाती) व कच्चा चुनखडक यांची पूड घातलेले सिमेंट. क्लिंकर ५०, मृत्तिका ३०, चुनखडक १५ व जिप्सम ५ टक्के हे त्याचे रूढ प्रमाण होय.

क्लिंकरसाठी चुनखडक इतर कच्च्या मालासह सु. १,४५०° से. तापमानापर्यंत तापवितात. शुद्ध चुनखडकाच्या वजनाचा ४४ टक्के भाग या क्रियेत कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. हा वायू खडकातूनच येत असल्याने इंधन बदलूनही तो टळत नाही. बांधकामाच्या भवितव्यातील खरा पेच येथेच आहे. मृत्तिका मात्र सु. ७००°–८५०° से. तापमानास भाजते आणि तिच्यातून मुख्यतः पाण्याची वाफ बाहेर पडते. त्यामुळे एकूण उत्सर्जन सु. ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. विटांची पूड म्हणजे सुरखी चुन्यात मिसळण्याची पद्धत भारतात जुनी असून १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणात तिचा उपयोग झालेला आहे. नवा भाग चुनखडकाचा : भाजलेल्या मृत्तिकेतील ॲल्युमिना त्याच्याशी संयोग पावून जी संयुगे बनवितो, ती काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे भरून काढतात. स्वित्झर्लंडमधील लोझॅन येथील तंत्रविद्या संस्था, क्यूबातील सांता क्लारा येथील विद्यापीठ व भारतातील काही आय. आय. टी. यांनी यावर संशोधन केले. भारतीय मानक (आयएस १८१८९) २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मृत्तिकेत केओलिनाइट हे खनिज सु. ४० टक्के असल्यास सातव्या दिवसापासून नेहमीच्या सिमेंटइतके बल मिळते. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, केओलीन आढळते. दख्खनची काळी माती मात्र मुख्यत्वे माँटमोरिलोनाइटाची असल्याने या कामी फारशी उपयोगी नाही. औष्णिक वीजकेंद्रांची राख व झोतभट्टीची मळी ही क्लिंकरची आजवरची पर्यायी द्रव्ये कोळशाचा वापर घटेल तशी दुर्मिळ होतील. तेव्हा मृत्तिकेचे महत्त्व वाढेल.

या सिमेंटचे काँक्रीट समुद्रकाठच्या क्षारांना चांगला प्रतिकार करते. परंतु हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड त्यात तुलनेने लवकर शिरतो. म्हणून त्यावर पुरेसे पाणी मारणे व सळईवर काँक्रीटचे पुरेसे आच्छादन ठेवणे अगत्याचे ठरते. गवंडी पाणी अंदाजाने घालतो अशा लहान कामांवर याकडे दुर्लक्ष होते आणि भारतातील पुष्कळसे सिमेंट अशाच कामांसाठी पोत्यांनी विकले जाते. लोहयुक्त मातीने येणारी तांबूस छटाही ग्राहकास रुचत नाही. बलाशी तिचा संबंध नसतानाही भाजलेली माती नियंत्रित वातावरणात थंड करून ती करडी ठेवावी लागते.